आयर्लंडच्या पुराणकथा आणि मनाचे बळ



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला तेव्हा 'आयर्लंडच्या जुन्या पुराणकथा' एवढेच मी कळविले होते. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. विषय उत्तम आहे, म्हणाले. पण वैशाखाच्या उकाड्यात जेवणखाण लवकर आटोपून जो माणूस इथे येऊन बसणार, त्याच्या पदरात काय पडणार ते नावावरून कळले पाहिजे. मग थोडी घासाघीस झाली आणि 'मनाचे बळ' हे शब्द जाहिरातीत आले. त्या दोन शब्दांचे ओझे गेले पंधरा दिवस मी वागवितो आहे. कारण 'मी तुम्हांला बळ देतो' असे सांगणाऱ्या माणसाची मला स्वतःला फार धास्ती वाटते, आणि आज तसल्याच माणसाच्या जागी मी उभा आहे.

तेव्हा जे मी देणार नाही ते आधी सांगून टाकतो. केल्ट लोकांच्या नावावर हल्ली पुष्कळ माल बाजारात खपतो. अमुक शिळेला हात लावा, अंगात शक्ती संचारेल. तमुक दगडांच्या रिंगणात पहाटे उभे राहा, मन शांत होईल. इंग्लंडात स्टोनहेंजच्या दगडांपाशी पांढरे झगे घालून जमणारी मंडळी स्वतःला ड्रुइड, म्हणजे केल्टांचे पुरोहित म्हणवितात. हौसेला मोल नसते, त्यामुळे त्यांना नावे ठेवण्याचे मला कारण नाही. परंतु ते दगड केल्ट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लोकांच्या कितीतरी शतके आधीचे आहेत. आणि आजच्या ड्रुइडांच्या विधींपैकी बराच भाग योलो मॉर्गनूग नावाच्या एका वेल्श कवीने 1792 साली लंडनच्या एका टेकडीवर सुरू केला. म्हणजे आपल्या पेशवाईतली गोष्ट. तिला प्राचीन म्हणायचे तर शनिवारवाड्याला वैदिक म्हणावे लागेल!

'केल्ट' हे नावही ग्रीक आणि रोमन लेखकांनी आल्प्सपलीकडच्या टोळ्यांना दिलेले. आयर्लंडातील जुन्या लोकांनी स्वतःला कधी केल्ट म्हटले नाही. आयरिश, वेल्श, ब्रेटन या भाषा एका कुळातल्या आहेत हे 1707 साली एडवर्ड ल्हुइड या वेल्श पंडिताने ग्रंथ लिहून दाखविले, आणि पुढे त्या कुळाला केल्टिक हे नाव रूढ झाले. हे कूळ आपल्या संस्कृताचे दूरचे चुलत घराणे. त्यांचा 'री' म्हणजे आपला राजा. त्यांची 'बो' म्हणजे आपली गो, गाय. आयर्लंडात बॉइन नावाची नदी आहे. तिचे जुने नाव टॉलेमीने 'बुविंद' असे दिले आहे. ते ऐकून आपल्याला लगेच गोविंद आठवतो. पण तिथे 'विंद' चा अर्थ पांढरी असा लावतात, तेव्हा धवल गाय ही नदीची देवता, एवढ्यावर समाधान मानलेले बरे. आणखी एक धागा सांगतो. व्हिटली स्टोक्स हा डब्लिनचा गृहस्थ 1862 साली हिंदुस्थानात आला. इथल्या दिवाणी आणि फौजदारी कायद्यांचे मसुदे करण्यात त्याचा मोठा हात होता. तोच माणूस जुन्या आयरिश पोथ्यांच्या संपादनातला त्या काळचा एक अग्रगण्य पंडित. आपल्या कचेऱ्यांतून ज्या कलमांवर वाद झाले, ती लिहिणाऱ्या हाताने केल्टांच्या कथाही सोडविल्या आहेत.

या बॉइन नदीच्या एका वळणावर, डब्लिनच्या उत्तरेस सुमारे पन्नास किलोमीटरवर, न्यूग्रेंज नावाचा प्रचंड उंचवटा आहे. व्यास सुमारे पंचाऐंशी मीटर, उंची तेरा मीटरच्या आसपास, भोवती सत्त्याण्णव मोठ्या शिळांची ओळ. लांबून पाहिले तर एखादी हिरवी टेकडी वाटावी. पण ती माणसांनी रचलेली आहे, आणि ख्रिस्तपूर्व 3200 च्या सुमारास, म्हणजे गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्याही पाचसहाशे वर्षे आधी. 1699 साली तिथल्या जमीनमालकाची माणसे दगड काढीत असता आत जाण्याची वाट सापडली. ती पाहून तिचे पहिले वर्णन कोणी लिहून ठेवले असेल? त्याच एडवर्ड ल्हुइडने. भाषांचे कूळ शोधणारा आणि या दगडांचे वर्णन करणारा माणूस एकच, म्हणून दोन्ही गोष्टी लोकांच्या मनात एक झाल्या की काय, असे मला कधी कधी वाटते. बांधणारे लोक शेतकरी होते. त्यांच्याजवळ धातू नव्हता, चाक नव्हते. त्यांची भाषा कोणती, देव कोणते, आज कोणी सांगू शकत नाही.

आता मी तिथे कसा गेलो ते सांगतो. घरगुती गोष्ट आहे, थोडक्यात आटोपतो. काही वर्षांपूर्वी आषाढात माझी पत्नी वारली. बेचाळीस वर्षांचा संसार होता. मुलगा डब्लिनला नोकरीला असतो. तो म्हणाला, बाबा, हिवाळ्यापुरते तरी माझ्याकडे या. गेलो. परंतु ज्याचे मन आधीच अंधारलेले आहे त्याने डिसेंबरात आयर्लंडला जाऊ नये! सकाळी साडेआठ वाजले तरी उजाडत नाही आणि दुपारचे चार वाजले की दिवे लावावे लागतात. उरलेला दिवसही बहुधा ढगांत जातो. इकडून निघताना शेजारच्या माई म्हणाल्या होत्या, 'भाऊ, एकेक दिवस काढायचा.' मी मान डोलावली होती. पण मनात म्हटले, हे सगळेच म्हणतात. माणसाला बोलायला काही नसले की तो असे बोलतो.

अशाच एका दिवशी मुलाने मला न्यूग्रेंजला नेले. आतली वाट एकोणीस मीटर लांब आणि इतकी अरुंद की जागोजाग अंग चोरून, वाकून जावे लागते. शेवटी एक गाभारा लागतो. मी गाभारा म्हणतो, कारण दुसरा शब्द माझ्यापाशी नाही. वर दगडावर दगड थोडाथोडा पुढे सरकवीत सहा मीटर उंचीचे छत मिटवीत नेले आहे. सांध्यांत जळकी माती आणि समुद्राची वाळू भरलेली. पाच हजार वर्षे झाली, पावसाचा थेंब आत येत नाही. बाजूच्या कोनाड्यांत दगडी परातींसारख्या पसरट शिळा आहेत. थोड्या माणसांच्या अस्थी तिथे मिळाल्या, काही जाळलेल्या, काही तशाच.

दाराच्या वर एक चौकोनी फट आहे. मी तिला झरोका म्हणेन. मायकेल ओकेली या आयरिश प्राध्यापकाने 1962 पासून तिथे उत्खनन चालविले, तेव्हा हा झरोका उघडा झाला. तो कशासाठी, हे कळेना. येणारेजाणारे लोक मात्र त्यांना वारंवार सांगत, की उगवत्या सूर्याचे किरण आतल्या तीन वेटोळ्यांच्या चित्रापर्यंत पोहोचतात अशी जुनी बोलवा आहे. विद्वानांना अशा बोलवा ऐकायची सवय असते. ओकेलींना वाटले, स्टोनहेंजच्या उन्हाळ्यातल्या सूर्योदयाशी लोकांनी घोटाळा केला असावा. न्यूग्रेंजचे दार आग्नेयेकडे आहे. उन्हाळ्यातला सूर्य तिकडे उगवतच नाही. मग त्यांच्या ध्यानात आले, की हिवाळ्यातला उगवतो. 21 डिसेंबर 1967 च्या पहाटे ते एकटेच आत जाऊन अंधारात बसले. वर्षातला सर्वांत लहान दिवस. सूर्य समोरच्या टेकडीवर आला, झरोक्यातून किरणाची एक बारीक पट्टी आत शिरली, जमिनीवरून सरकत गाभाऱ्यापर्यंत आली, रुंदावली, सारा गाभारा उजळला आणि सुमारे सतरा मिनिटांनी पुन्हा अंधार झाला. लोकांची बोलवा खरी होती.

मंडळी, आपल्याकडे उत्तरायण म्हटले की तीळगूळ आठवतो. आपली संक्रांत सरकत सरकत जानेवारीच्या मध्यावर आली आहे. सूर्य खरा फिरतो तो डिसेंबराच्या बाविशीच्या आगेमागे. त्या लोकांनी ते फिरणे दगडात पकडले. आणि कोणासाठी? जिवंत माणसे त्या चिंचोळ्या जागेत किती मावणार? किरण जाऊन पोहोचतो तो मेलेल्यांच्या अस्थींजवळ.

यावर एक शंका निघते, आणि ती मलाही आली. डिसेंबरात आयर्लंडचे आभाळ स्वच्छ असेलच असे नाही. पुष्कळ वर्षी त्या सकाळी ढग असतात आणि किरण येतच नाही. आज त्या सकाळी आत बसायला मिळावे म्हणून हजारो अर्ज येतात, चिठ्ठ्या टाकून मोजक्या लोकांना निवडतात, आणि ते बिचारे कित्येकदा काळोखात बसून परत येतात. बांधणाऱ्यांना हे माहीत नव्हते काय? शेतकरी माणसे, आभाळ त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळत असेल. तरी त्यांनी झरोका ठेवला. सूर्य आणणे त्यांच्या हातात नव्हते. दगड नेमक्या जागी बसविणे हातात होते.

पुढे दोन-अडीच हजार वर्षांनी, कदाचित त्याहूनही उशिरा, आयरिश भाषेच्या पूर्वजभाषा त्या बेटावर आल्या. त्या लोकांना हे उंचवटे आयतेच मिळाले. त्यांनी विचारले असेल, इथे कोण राहते? आणि उत्तर म्हणून कथा रचली. न्यूग्रेंजला ते 'ब्रू' म्हणतात, म्हणजे वाडा. हा वाडा दाग्दा नावाच्या थोर देवाचा. त्याने सगळे उंचवटे देवांना वाटून दिले, पण त्याचा मुलगा एंगस याला काहीच उरले नाही. हा एंगस बॉइन नदीच्या देवतेचा पुत्र. मुलगा रागावला नाही, भांडला नाही. तो म्हणाला, मला वाडा नको; फक्त दिवस आणि रात्र इथे राहू द्या. बापाने हो म्हटले. मुदत संपली असे वाटून दाग्दा म्हणाला, आता जा. तेव्हा एंगसने उत्तर दिले, की दिवस आणि रात्र म्हणजेच तर सारा काळ. जग दुसऱ्या कशाने चालते? दाग्दा वाडा सोडून गेला.

इंग्रजीत ही गोष्ट सांगायची तर मोठी पंचाईत होते, कारण तिथे 'एक दिवस' की नुसता 'दिवस' हे आधी ठरवावे लागते. जुन्या आयरिशमध्ये तसे नाही, आणि आपल्या मराठीतही नाही. 'दिवस आणि रात्र' म्हटले की एक दिवसही होतो आणि सारे आयुष्यही होते. त्या काळोख्या वाटेतून बाहेर पडत असता मुलाने मला ही गोष्ट सांगितली. मला शेजारच्या माई आठवल्या. 'एकेक दिवस काढायचा' हे मी फक्त सांत्वन समजलो होतो. त्या म्हातारीने मला सगळाच वाडा देऊ केला होता, आणि मी नुसती मान डोलावली होती.

त्याच नदीकाठी, न्यूग्रेंजहून थोड्या अंतरावर, डाउथ नावाचा दुसरा उंचवटा आहे. या नावाचा संबंध काळोखाशी जोडतात. त्याचीही कथा आहे. गुरांवर रोग पडून देशात सात गायी आणि एक बैल उरला असता ब्रेसल नावाच्या राजाने स्वर्गापर्यंत मनोरा बांधायचे मनात घेतले. लोक एका दिवसापुरते कामाला येण्यास तयार झाले. राजाची बहीण मंत्र जाणणारी. तिने सूर्याला आकाशात थांबवून धरले, म्हणजे दिवस मावळायचाच नाही. काम चालू राहिले. पण राजाने बहिणीच्या बाबतीत मर्यादा मोडली, मंत्र फुटला, भर कामात अंधार पडला. लोकांनी हत्यारे खाली ठेवली आणि घरी निघून गेले. बोलणी एकच, दिवस एकच; एकाने तो मागून घेतला, दुसऱ्याने जबरीने ताणला. या दोन कथा जुन्या कथेकऱ्यांनी जाणूनबुजून शेजारी ठेवल्या असे मी म्हणणार नाही. दोन्ही मातीच्या ढिगांच्या आहेत आणि ते ढीग शेजारी आहेत, एवढेच.

आता ज्याच्यामुळे केल्टिक कथांना वीरकथा म्हणतात, त्या कू खुलिनकडे येतो. अल्स्टरचा हा तरुण योद्धा एकट्याने सैन्य अडवितो. शेवटी प्राणांतिक जखम होते, तेव्हा आपण उभ्यानेच मरावे म्हणून तो स्वतःला एका उभ्या शिळेला बांधून घेतो. शत्रू जवळ यायला धजत नाहीत; खांद्यावर डोमकावळा येऊन बसला तेव्हा त्यांना कळते, की हा गेला. लाउथ परगण्यातल्या एका शेतात ती शिळा म्हणून आजही एक दगड दाखवितात. डब्लिनच्या मोठ्या टपाल कचेरीत ऑलिव्हर शेपर्ड या शिल्पकाराने केलेला या प्रसंगाचा पुतळा आहे, 1916 च्या उठावाचे स्मारक म्हणून ठेवलेला. त्या उठावाचे मुख्य ठाणे ती कचेरीच होती. लक्षात घ्या, तो एप्रिल महिना. त्याच एप्रिलात लोकमान्यांनी बेळगावला होमरूल लीग स्थापन केली, आणि 'होमरूल' हा शब्द आयर्लंडच्याच चळवळीतून आला.

हा पुतळा पाहून अंगावर काटा येतो हे मी नाकारीत नाही. पण याच कू खुलिनचे चित्र उत्तर आयर्लंडात दोन्ही बाजूंच्या लोकांनी आपापल्या भिंतींवर रंगविले. स्वातंत्र्यवाद्यांनी आणि ब्रिटनशी निष्ठा सांगणाऱ्या हत्यारबंद गटांनीही. जे बळ इतक्या सहजपणे कोणाच्याही बंदुकीला चिकटते, त्याच्याविषयी मला जरा शंका वाटते. माझे मन दुसऱ्या एका कथेकडे ओढ घेते. तिच्यात तलवार नाही.

लीर नावाच्या सरदाराला चार मुले: मोठी मुलगी फिन्नूला आणि तिचे तीन भाऊ. सावत्र आईने मत्सराने त्यांना हंस करून टाकले. शाप नऊशे वर्षांचा. तीनशे वर्षे डेराव्हारा सरोवरावर, तीनशे आयर्लंड आणि स्कॉटलंड यांच्यामधल्या मॉइलच्या समुद्रावर, आणि तीनशे पश्चिमेकडच्या सागरात. माणसाची वाणी आणि गाणे तेवढे त्यांच्याजवळ राहिले. सरोवरावरची वर्षे बरी गेली. लोक काठावर येऊन गाणे ऐकत. मॉइलच्या समुद्रावर मात्र गाणे ऐकायला कोणी नव्हते. वादळात भावंडे पांगली. फिन्नूलाने आधीच सांगून ठेवले होते, चुकामूक झाली तर अमुक खडकावर भेटायचे. ती त्या खडकावर एकटी बसून राहिली. एकेक भाऊ गारठून आला. एकाला तिने उजव्या पंखाखाली घेतले, एकाला डाव्या, आणि तिसऱ्याला छातीशी. पुढे शाप संपत आला असता ती चौघे बापाच्या वाड्यावरून उडाली. खाली वाडा नव्हता. हिरवे उंचवटे आणि खाजऱ्या पाल्याचे रान. शेवटी ती पुन्हा माणसे झाली ती जराजर्जर म्हातारी माणसे होऊन, आणि मरताना फिन्नूलाने एवढेच मागितले, की आम्हांला त्याच रीतीने पुरा. दोघे दोन बाजूंना, एक समोर.

ही कथा आजच्या रूपात फार जुनी नाही. मध्ययुगाच्या अखेरीस ती लिहिली गेली असावी. पण आयर्लंडात लहान मुलांनाही ती ठाऊक असते, आणि का, ते त्यांचा इतिहास वाचला की समजते. 1845 पासून काही वर्षे बटाट्याचे पीक रोगाने गेले. दहा लाखांच्या आसपास माणसे उपासमारीने आणि साथीने मेली, जवळपास तितकीच देश सोडून गेली. 1841 च्या खानेसुमारीत ऐंशी लाखांवर असलेली वस्ती 1851 मध्ये पासष्ट लाखांच्या घरात आली. सर्वांत जास्त उजाड झाले ते आयरिश बोलणारे भाग. म्हणजे माणसांबरोबर भाषाही गेली. वरून पाहावे तर वाड्याच्या जागी हिरवे उंचवटे, हे त्यांच्या डोळ्यांपुढचे चित्र होते.

अशा वेळी काय टिकते? 1937 ते 1939 या काळात तिथल्या लोककथा आयोगाने एक साधी युक्ती केली. प्राथमिक शाळेतल्या मुलांना वह्या दिल्या आणि सांगितले, घरी जा, आजीआजोबांना विचारा आणि लिहून आणा. सुमारे पाच हजार शाळांतली पन्नास हजारांच्या आसपास मुले कामाला लागली. कोणत्या शेतातल्या दगडाचे नाव काय, कोणत्या विहिरीचे पाणी का काढायचे नाही, कोणत्या झाडाखाली कोणाचा वास. जिथे उपासाने माणसे मेली ती जागाही मुलांनी लिहिली. त्या वह्या डब्लिनच्या विद्यापीठात जपून ठेविल्या आहेत. आपल्याकडे स्थलमाहात्म्ये पंडितांनी लिहिली. ही दहाबारा वर्षांच्या पोरांनी लिहिली, शाईचे डाग पाडीत.

आणि या कथांनी जमीनही राखली. शेतातल्या जुन्या गोल मातीच्या गढ्यांत अदृश्य लोकांची वस्ती असते अशी समजूत, म्हणून शेतकरी तिथे नांगर घालीत नसत. आपल्या देवराईत कुऱ्हाड चालत नाही, तसाच हा प्रकार. अशा हजारो गढ्या त्यामुळे शाबूत आहेत. 1999 साली क्लेअर परगण्यात नव्या हमरस्त्याच्या वाटेत एक काटेरी झुडूप आले. एडी लेनिहान नावाच्या कथेकऱ्याने ओरड केली, की हे झाड त्या लोकांचे आहे, याला हात लावाल तर रस्त्यावर अपघात होतील. इंजिनिअर हसले असतील. पण आराखडा बदलला आणि झुडूप राहिले. दर वेळी असे होतेच असे नाही. राजांच्या अभिषेकाची टाराची टेकडी आहे. तिच्या शेजारच्या खोऱ्यातून न्यायचा हमरस्ता लोकांनी वर्षानुवर्षे विरोध करूनही 2010 साली सुरू झाला. मी अदृश्य लोकांवर विश्वास ठेवा असे सांगत नाही. माझाही नाही. पण भीती घालून का होईना, त्या झुडपापाशी कोणीतरी थांबले, हे मला आवडते.

माझी गोष्ट अर्धवट राहिली. गाभाऱ्यात आम्ही पंधराएक माणसे होतो. तो 21 तारखेचा दिवस नव्हता. बाहेर पाऊस पडत होता. वाटाड्या बाईंनी सांगितले, आता मी दिवा मालविते, कोणाला भीती वाटत असेल तर आधी बोला. कोणी बोलले नाही. दिवा गेला. असा काळोख मी आयुष्यात पाहिला नव्हता. डोळा उघडा की मिटलेला, कळेना. मुलाने माझा हात धरला. आई गेल्यापासून आम्ही दोघे तिच्याविषयी एक शब्द बोललो नव्हतो. मग वाटेच्या टोकाकडून जमिनीवर एक पिवळी रेघ उमटली आणि हळूहळू आमच्या पायांपर्यंत आली. सूर्य नव्हता तो. त्या बाईंनी कळ दाबून लावलेला विजेचा दिवा होता, आणि त्यांनी ते आधीच प्रामाणिकपणे सांगितले होते. तरी आम्ही सगळे त्या रेघेकडे बघत उभे होतो. मुलगा हळूच म्हणाला, 'आईला हे आवडले असते.' मी म्हटले, 'तिला आधी ते छत कसे बांधले ते विचारायचे असते.' आणि इतक्या महिन्यांनी आम्ही दोघे हसलो.

बाहेर आल्यावर मुलाने विचारले, खऱ्या दिवसासाठी अर्ज करायचा का? आम्ही केला. नंबर लागला नाही. त्यानंतर दरवर्षी करतो, आणि दरवर्षी लागत नाही. या वर्षीचाही करणार आहे.